घडीची घडवंची

“अहो, मग ठेवा की खाली जरा.”

ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर सकाळच्या फेऱ्या मारणारे एक काका मला अगदी साधेपणाने म्हणाले. खिशातला फोन वाजत होता, गळ्यात रिमोट लटकत होता आणि दोन्ही हातांत पाण्यातून नुकतीच काढलेली, ठिबकणारी शिडाची बोट होती. काकांना वाटलं असणार, हा माणूस उगाच कसरत करतोय. मीही आजूबाजूला बघितलं. दगडी कठडा, त्यापलीकडे फरसबंदी, एक बाकडं, बाकड्यावर कुणाची तरी टोपी आणि पाण्याची बाटली. यातल्या एकाही ठिकाणी बोट ठेवता येणार नव्हती. शेवटी काकांनीच “द्या इकडे” म्हणून ती घेतली आणि शर्टावर पाणी नको म्हणून हात लांब ताणून धरली. मी खिशात हात घालेपर्यंत फोन वाजायचा थांबला होता. सोसायटीच्या टाकीसफाईचा फोन होता, त्यामुळे बिघडलं काहीच नाही. पण बोट परत देताना काका तिच्या खाली लोंबणाऱ्या शिशाच्या गोळ्याकडे बघत म्हणाले, “म्हणजे ही खाली ठेवताच येत नाही?” मी नाही म्हटलं. “अरेच्चा,” असं म्हणून ते पुढच्या फेरीला निघून गेले, आणि मी दिवसभर त्या अरेच्चाशी भांडत राहिलो.

कारण त्यांचं बरोबर होतं. रिमोटची गाडी तिच्या चाकांवर उभी राहते, रिमोटचं विमानही राहतं, पतंग तर गच्चीत कुठेही टाका. मोटरची खेळण्यातली होडीसुद्धा तळाला चपटी असते, टीव्हीच्या शेजारी ठेवली की बसते. माझी बोट मात्र या सगळ्यांत हट्टी. ती ‘इंटरनॅशनल वन मीटर’ वर्गातली आहे. १९८८ मध्ये ठरलेला हा वर्ग, लांबी जास्तीत जास्त एक मीटर, वजन चार किलोपेक्षा कमी चालत नाही, आणि पाण्याखाली ती ४२ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. त्या चार किलोंपैकी सव्वादोन ते अडीच किलो एकट्या खालच्या पात्यात आणि त्याच्या टोकाच्या शिशात असतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त बोट बोटीच्या खालीच लटकलेली. हे शिसं आहे म्हणून वाऱ्याने ती आडवी झाली तरी परत उभी राहते. आणि हेच शिसं आहे म्हणून जमिनीवर ती क्षणभरसुद्धा उभी राहत नाही. पाण्यात जी गोष्ट तिला सांभाळते तीच काठावर तिला लाचार करते, आणि यावर कुठलाही डिझायनर काही करू शकत नाही. आडवी टाकावी तर पातं बुडाशी जिथे शिरतं तिथे सगळा ताण येतो, डोलकाठीच्या तारा वाकतात, शिडाच्या पातळ फिल्मला कायमची चुणी पडते.

ठाण्याच्या खाडीतल्या होड्या बघा. लोकल कळव्याकडे जाताना पुलावरून ओहोटीच्या वेळी दिसतात, चिखलात एका कुशीवर निवांत कललेल्या. पाणी गेलं, त्या कलल्या, पाणी आलं, त्या उठल्या. चेंदणी कोळीवाड्यातल्या माणसाला ‘होडी ठेवायची कुठे’ हा प्रश्न पडत नाही, कारण त्या होडीचं बूडच चिखलाची सोय बघून बांधलेलं असतं. पावसाळ्याआधी ओढून काठावर घेतली तर दोन बाजूंनी लाकडी टेकू लावायचे, झालं. मला या होड्यांचा थोडा हेवा वाटतो. त्यांना खाडी जशी येईल तशी चालते. माझ्या बोटीला मात्र वारा हवा पण फार नको, पाणी हवं पण जलपर्णी नको, आणि काठावर कुणी तरी सतत धरून उभं राहायला हवं.

धरून उभं राहण्याचं हे काम किती वेळ चालतं याचा अंदाज बघणाऱ्याला येत नाही. पाण्यात बोट असते तो वेळ थोडाच. त्याआधी पातं बसवून बोल्ट आवळायचा, डोलकाठी उभी करायची, मागची-पुढची तार ताणायची, बॅटरी घालायची, डेकवरच्या भोकावर चिकटपट्टी लावायची, सुकाणू डावी-उजवी हलतं का आणि शिडांची दोरी आत-बाहेर होते का ते बघायचं. या बोटीला एवढेच दोन हुकूम समजतात. बघायला जमलेली पोरं ‘मोटर कुठंय?’ विचारतात आणि मोटर नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव येतो. पाण्यातून काढल्यावर पुन्हा सगळं उलट्या क्रमाने, वर आत शिरलेलं पाणी बुच काढून ओतून द्यायचं. ही सगळी कामं दोन हातांची, आणि दोन्ही हात तर बोटीत अडकलेले. मग माणूस काय करतो? बोट मांडीवर घेतो, ओली पँट घेऊन रिक्षात बसतो. कुणी प्लास्टिकची बादली आणतो, कुणी दुधाचा क्रेट. मी बरेच दिवस क्रेट वापरला. क्रेटमध्ये बोट राहते, पण रिक्षात क्रेट, बोट, डोलकाठी आणि मी, असे चौघे मावत नाहीत.

रेडिओ येण्याच्या आधी हा खेळ खेळणाऱ्यांची मजा वेगळी होती. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधला राउंड पाँड, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातलं कॉन्झर्व्हेटरी वॉटर, अशा तळ्यांवर लोक सुकाणूला वाऱ्याच्या दिशेने फिरणारं एक पान जोडून बोट सोडत आणि तिच्याबरोबर काठाकाठाने चालत. बोट काठाला आली की लांब काठीने तिला वळवून पुन्हा आत ढकलत. त्या लोकांचे हात कसे मोकळे असतील, असं मला अनेकदा वाटून गेलंय. आता आम्ही जागचे हलत नाही. अंगठ्याएवढ्या दांड्यांवर सगळं चालतं, आणि मान मात्र दुखते.

स्टँड बनवायचं ठरवलं तेव्हा ते घडीचं असणार हे ठरवावं लागलं नाही. आमच्या घरात घडी न होणाऱ्या वस्तूला प्रवेश मिळवणं अवघड आहे. आईचं अर्धं आयुष्य कोलबाडच्या चाळीतल्या एका खोलीत गेलं. सहा माणसं, एक खोली, आणि त्या खोलीत दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलणारी घरं. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी शिवणवर्ग, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरूण. वळकट्या उचलल्या की जमीन मोकळी, नवारीची खाट उभी केली की भिंत मोकळी. खाटेला दिवसा आडवं राहायची परवानगी आजारपणातच. पाहुणा येऊन गेला की खुर्ची मिटून कपाटामागे, पोथी वाचून झाली की तिचं कैचीसारखं लाकडी आसन मिटून फळीवर. आता आम्ही तिघं दोन खोल्यांत राहतो, पण आईच्या लेखी वस्तूने जागा घेतली तर काम झाल्यावर ती परत केली पाहिजे. माझी बोट पहिल्यांदा घरात आली तेव्हा तिने किंमत विचारली नाही. विचारलं ते एवढंच, “ही मिटते का रे?”

मिटत नाही. डोलकाठी निघते, पातं निघतं, पण मीटरभर लांबीचं धड तसंच राहतं आणि ते कपाटावर आडवं झोपतं. त्यामुळे निदान तिच्या खालची वस्तू तरी मिटावी, हा एक प्रकारचा तह होता.

स्टँड कशाचं बनवायचं यावर मी गरजेपेक्षा जास्त विचार केला. पीव्हीसी पाईप सगळ्यात स्वस्त आणि हलका, पण पाऊण इंची पाईप लांबीला लवतो, आणि लवणाऱ्या पायांवर चार किलोची वस्तू डुलायला लागली की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ॲल्युमिनियमची नळी उत्तम, पण तिच्यात भोक पाडून जोड केला की त्या जोडाला थंड, कोरडा कट्-कट् आवाज येतो, तो मला आवडत नाही. हे काही तांत्रिक कारण नव्हे, मान्य. शेवटी कळव्याच्या बाजूच्या एका वखारीत गेलो, जिथे पाडलेल्या इमारतींची दारं-खिडक्या उभ्या रचून ठेवलेल्या असतात. नौपाड्यात, चरईत जिकडेतिकडे पुनर्विकास चाललाय, आणि त्या दुमजली घरांतलं सागवान इथे येऊन पडतं. हिरव्या, निळ्या ऑइलपेंटचे पापुद्रे, कडीच्या जागेचे अर्धचंद्राकृती ओरखडे, एका चौकटीवर पेन्सिलीने मारलेल्या रेघा, बहुतेक पोरांची उंची मोजलेल्या. ती चौकट मी घेतली नाही. शेजारची, बिनरेघांची घेतली. वखारवाल्याने सांगितलं, “जुना बर्मा आहे साहेब, आता असं मिळत नाही.” असं प्रत्येक वखारवाला प्रत्येक लाकडाबद्दल सांगतो. पण करवत फिरली तेव्हा जो वास आला, तेलकट, उग्र, चामड्याच्या नव्या बॅगेच्या जवळपास जाणारा, तेव्हा मी त्याच्यावर विश्वास ठेवून टाकला. लाकडात जिथे जिथे जुने खिळे होते तिथे लोखंडाने काळे डाग पाडले होते. सुतार म्हणाला, रंध्याने काढून टाकू. मी राहू दिले.

पट्ट्या पाऊण इंच जाडीच्या, पायांची लांबी ८० सेंटिमीटर. इथून पुढे मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं. दोन पाय मधोमध जोडून फुली केली की वर जेवढी रुंदी तेवढीच खाली मिळते. मला खाली रुंद आणि वर अरुंद हवं होतं, कारण खाली पाय फाकले तर स्टँड कलंडत नाही आणि वर अंतर कमी असेल तर पट्ट्यांत बोट फार खोल बुडत नाही. म्हणून जोड मध्यावर न घेता वरून २७ सेंटिमीटरवर घेतला, खाली ५३ उरले. पाय जमिनीशी ५५ अंशांत उभे केले की वर ३१ सेंटिमीटर, खाली ६१ आणि उंची ६५ मिळते. पट्ट्यांचा झोळ धरून बोटीचं बूड त्याच्या दहा-बारा सेंटिमीटर खाली येतं, शिशाचा गोळा त्याच्याही खाली, तरी जमीन सतरा-एक सेंटिमीटर लांब राहते. गवत असलं, दगड असला, तरी चालतं.

खरी गंमत पुढे आहे. बाजारात मिळणाऱ्या घडीच्या स्टुलात दोन फुल्यांच्या मधून एक आडवी सळई जाते आणि सगळं घट्ट धरते. इथे ती सळई घालताच येत नाही, कारण बरोबर त्याच जागेतून बोटीचं पातं खाली जातं. मधली जागा पूर्ण मोकळी हवी. मग उरतो एकच मार्ग, दोन चौकटी करायच्या, एक थोडी अरुंद, एक थोडी रुंद, अरुंद चौकट रुंद चौकटीच्या आत बसवायची आणि दोन्ही बाजूंना एकेका बोल्टने अडकवायची. चौकटीला आडव्या पट्ट्या फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला. कागदावर हे छान दिसतं. पण मिटताना बाहेरच्या चौकटीची आडवी पट्टी आतल्या चौकटीच्या पायांवर आपटते आणि स्टँड अर्धवट उघड्या तोंडाने थांबतं. यावरचा तोडगा आमच्या सुताराने पेन्सिल कानावरून न काढता सांगितला. बाहेरच्या चौकटीची वरची पट्टी पुढच्या अंगाला ठोकायची आणि खालची मागच्या अंगाला. मग पाय एकमेकांत सपाट बसतात, मिटलेल्या स्टँडची जाडी जेमतेम दोन-अडीच इंच होते. फक्त एक अट पडते. स्टँड एकाच बाजूने उघडतं. दुसऱ्या बाजूने उघडायला गेलात तर जागचं हलत नाही. आमच्या घरात येणारा प्रत्येक जण ते हातात घेतो, आधी चुकीच्या बाजूने ओढतो, आणि माझ्याकडे बघतो. मी काही बोलत नाही. मला त्यात एक क्षुद्र आनंद मिळतो, तो मला सोडायचा नाही.

लाकडात नुसता बोल्ट घातला तर भोक हळूहळू लंबगोल होतं आणि फुली खिळखिळी होते. म्हणून पितळी बुश, म्हणजे भोकात बसवायच्या छोट्या नळ्या, हवे होते, बोल्ट सहा एमएमचा, बुशचं आतलं भोक त्याला जेमतेम जाऊ देणारं. दुकानात तयार मिळतात ते कशाच्या ना कशाच्या मापाचे असतात, आपल्या नसतात. वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात लेथवर एक गृहस्थ काम करतात, त्यांच्याकडे गेलो. १९६२ मध्ये एमआयडीसीची सुरुवात झाली ती याच वागळे इस्टेटमध्ये. एके काळी इथे शिफ्ट सुटली की रस्त्यावर सायकलींची गर्दी व्हायची, आता तिथे काचेच्या इमारती आणि कॉफीची दुकानं आहेत, पण मागच्या गल्ल्यांत अजून कूलंटचा तो आंबूस, साबणी वास येतो आणि कानाला लेथची गुणगुण ऐकू येते. त्यांनी माझं रेखाटन उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि विचारलं, “चार नग? फक्त?” त्यांच्याकडे हजारांत काम येतं. मी खजील होऊन होय म्हटलं. त्यांनी पितळेचा तुकडा चकमध्ये आवळला, सोनेरी किस उडाला, आणि चहा येण्याच्या आत चार बुश माझ्या तळहातावर होते, अजून गरम. पैसे घेतले नाहीत. “हे कसलं काम,” म्हणाले. मग मी बोटीचा फोटो दाखवला तर म्हणाले, “आणि हे कसलं काम?” दोघंही हसलो, पण त्यांच्या हसण्यात प्रश्न शिल्लक होता, तो मला कळला.

बोट ज्यांच्यावर टेकते त्या पट्ट्यांसाठी मी आधी नवारच आणली होती. सुती नवार सुंदर दिसते, पण ओली झाली की आखडते, लवकर वाळत नाही आणि जुलैच्या हवेत दोन दिवसांत तिला बुरशीचा वास येतो. नायलॉनची पट्टी ओली झाली की उलट थोडी सैल पडते. पॉलिएस्टर या बाबतीत समजूतदार. पाणी फारसं पीत नाही, ताणतही नाही. गाड्यांचे सीटबेल्ट त्याचेच असतात, म्हणून भंगारातून एक सीटबेल्ट आणला. आईच्या जुन्या शिलाई मशीनची सुई त्यात शिरेना, तेव्हा स्टेशनबाहेर बॅगा शिवणाऱ्याकडे बसून टोकांना चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिवण घालून घेतली. दोन पट्ट्यांची लांबी सारखी नाही. बोट मागे रुंद आणि पुढे निमुळती, त्यामुळे मागची पट्टी लांब, पुढची आखूड, नाहीतर तिचं नाक खाली झुकतं. आईला हे सगळं दुरून दिसत होतं. तिचं म्हणणं, सीटबेल्टच्या कडा खरखरीत आहेत, होडीला ओरखडे पडतील, मी मऊ कापडाचे अभ्रे शिवून देते. मी म्हटलं, कापडात वाळू अडकली की तीच होडीला घासेल. यावर दोन दिवस अबोल्यासदृश शांतता होती. शेवटी तिने काढता-घालता येणारे, वेल्क्रोचे अभ्रे शिवले, दर वेळी घरी येऊन धुवायचे. धुवायचे कुणी हे तेव्हा स्पष्ट झालं नव्हतं. आता झालंय, मीच धुतो.

अळशीचं तेल चोळून स्टँड वाळवलं आणि फरशीवर उघडलं तर बोट ठेवताच पाय हळूहळू बाहेर सरकू लागले. गुळगुळीत टाइल्स, वरून वजन, फुली चपटी व्हायला बघणारच. खालच्या बाजूने पायांत मापाची दोरी बांधली की ती तिथेच थांबते. मग मी थोडं मागे सरून बघत बसलो. पाणी बोटीला एका जागी धरत नाही, तिच्या बुडाला जिथे जिथे टेकतं तिथे तिथे थोडं थोडं उचलतं. झोळ पडलेल्या दोन पट्ट्याही तेच करत होत्या, आपापल्या परीने. हे स्टँड म्हणजे पाण्याच्या जागी लागलेला बदली कामगार होतं. कायम नोकरीची आशा नाही, पण पाळी चुकवत नाही.

उपवनवर त्याची परीक्षा वाऱ्याने घेतली. तलावपाळीवर मी जात नाही. चारी बाजूंनी इमारती असल्यामुळे तिथला वारा गल्लीगल्लीतून फिरून येतो आणि आपण कुठून आलो हे विसरलेला असतो, शिवाय गर्दी. उपवनला येऊरचे डोंगर पश्चिमेला उभे. त्यामुळे दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा डोंगर ओलांडून, तुटून, झोतांनी खाली उतरतो. एक मिनिट काही नाही, पाणी तेलासारखं, आणि मग एकदम पाण्यावर काळपट सुरकुत्या धावत येतात. पाण्यात असलेली बोट त्या झोताला मान तुकवते आणि निसटते. स्टँडवर असलेली बोट निसटू शकत नाही. शिडांचं क्षेत्रफळ अर्ध्या चौरस मीटरहून जास्त, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे ६१ सेंटिमीटरचा पाया साध्या वाऱ्याला पुरतो पण अशा झोताला पुरेलच असं नाही. म्हणून बोटीचं नाक वाऱ्याकडे करायचं, शिडांच्या दोऱ्या पूर्ण सैल सोडायच्या आणि आतल्या चौकटीला पाण्याची भरलेली मोठी बाटली टांगायची. मग फिल्मची शिडं नुसती सळसळतात, डोलकाठी कापते, तारा बारीक आवाजात गुणगुणतात, स्टँड मात्र आपल्या चार पायांवर उभं. दोन्ही हात रिकामे. मी त्या दिवशी काठावर उभं राहून कटिंग चहा प्यालो, दोन्ही हातांनी ग्लास धरून, काहीही गरज नसताना.

लोकांचं लक्ष बोटीवरून उडून स्टँडवर गेलं हे मात्र मी गृहीत धरलं नव्हतं. बोटीबद्दलचे प्रश्न ठरलेले असतात. किती लांब जाते, कितीला पडली, बुडली तर? स्टँडबद्दल कुणी असं विचारत नाही, लोक सरळ वाकून हात लावतात. कुणी जोड हलवून बघतो, कुणी पट्टीवर दाब देतो, एका बाईंनी लाकडावरचा काळा डाग नखाने खरवडून “सागवान?” असं विचारलं. बोट हा माझा षोक आहे, तो त्यांना परका वाटतो आणि मला थोडा ओशाळवाणा. पन्नाशीनंतर तळ्यात होडी सोडणाऱ्याने ओशाळं असायलाच हवं, असं निम्म्या ठाण्याचं मत आहे आणि कधीकधी माझंही. पण लाकूड, बोल्ट, घडी, जागा वाचवणं, यात सगळ्यांना गती. त्या वस्तूबद्दल बोलताना आम्ही एकदम एका घरातले होतो. मला बरं वाटलं आणि किंचित रागही आला. बोट सुंदर वळण घेत होती तेव्हा तीन माणसं पाण्याकडे पाठ करून स्टँड मिटवायचा प्रयत्न करत होती, चुकीच्या बाजूने.

घरीही तेच. स्टँड दाराच्या मागे मिटून राहील असा करार होता, पण रिकामी, उघडता येणारी वस्तू घरातल्या बायकांच्या नजरेतून सुटत नाही. एप्रिलमध्ये कुरडयांचं ताट गच्चीत त्याच्यावर विराजमान झालेलं बघितलं. ताट नेमकं मावत होतं. मी काही म्हणायच्या आत बायको म्हणाली, “अहो, तुमची होडी काय आज जाणार आहे का कुठे?” गणपतीत त्यावर फुलांच्या परड्या होत्या. आई त्याला घडवंची म्हणते. “ती घडवंची आण रे,” असं म्हणून ती त्यावर काहीही ठेवते, आणि काम झालं की मिटून दारामागे. तिच्या नियमात ती वस्तू आता पूर्ण बसली आहे. बोट अजून कपाटावर पाहुणी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा राहतात, भजनी मंडळात पखवाज वाजवतात. गुडघ्यांमुळे त्यांना आता खाली बसवत नाही, आणि खुर्चीत बसून पखवाज मांडीवर नीट राहत नाही. कुरडयांच्या ताटाखालचं स्टँड त्यांनी गच्चीत बघितलं आणि संध्याकाळी पखवाज घेऊन खाली आले. दोन पट्ट्यांवर तो आडवा ठेवला तर छान बसला, फक्त जरा उंच. मी टेप काढली. एक तोंड मोठं, एक लहान, म्हणजे इथेही पट्ट्या लहानमोठ्या. खुर्चीच्या उंचीला पाय आखूड लागतील, पण वाजवताना वरून थाप पडणार म्हणून पाया रुंद हवा. पखवाजाला खाली काही लोंबत नाही, तेव्हा मधून सळई घालायला हरकत नाही. मी कागदावर हे सगळं मांडत होतो आणि ते शांतपणे बघत होते.

“घडीचं नको बरं का,” ते म्हणाले.

मी वर बघितलं. “मिटलं तर बरं नाही का पडणार? कोपऱ्यात राहील.”

“कशाला मिटायचं? पोरं तिकडे अमेरिकेत, ही गेली. तीन खोल्या आहेत. पखवाज बाहेरच असतो, बाराही महिने. स्टँडही राहील बाहेर.” हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मोजमाप सांगावं तसं सांगितलं.

खरं तर माझं काम सोपं झालं. मिटायचं नसेल तर बुश नकोत, बोल्ट नकोत, पट्ट्या पुढच्या अंगाला की मागच्या हा घोळ नको. खाच, खुंटी आणि फेविकॉल, एका दुपारचं काम. चौकटीतलं लाकूडही शिल्लक आहे. आई म्हणाली, “ते म्हणतात तसं करून दे, आपलं शहाणपण नको लावूस.” पट्ट्या कापून झाल्या आहेत. पण मी वागळे इस्टेटमध्ये जाऊन आणखी चार बुश मागून आणलेत आणि भोकं बुशच्या मापाचीच पाडणार आहे. आजोबांना अजून सांगितलेलं नाही.